जुन्या बोटीची एकच वायर जोडू नका

रेडिओवर चालणारी जुनी मॉडेल बोट उघडली, की बहुतेक वेळा एखादी वायर निखळलेली दिसते. मोटरच्या टोकावरून सुटलेली, नाहीतर स्विचपाशी मोडलेली. हात लगेच पकडीकडे जातो. टोक सोलायचं, पीळ द्यायचा, वर काळी टेप गुंडाळायची आणि बॅटरी लावून बघायचं. मोटर फिरते आणि काम झालं असं वाटतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, की एवढ्यावर बोट पाण्यात सोडू नका. अशा जुन्या बोटीत एक वायर सुटली असेल, तर बाकीच्या वायरीही त्याच वयाच्या असतात, त्याच ओलीत राहिलेल्या असतात आणि जवळपास त्याच अवस्थेला पोचलेल्या असतात. त्या अजून सुटलेल्या नाहीत, एवढंच. बॅटरीपासून मोटरपर्यंतचं सगळं वायरिंग काढून नवं घालावं, बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज बसवावा, रिसीव्हरच्या बाजूचे प्लग आणि स्विच तपासून लागतील ते बदलावेत आणि मगच बोट तळ्यावर न्यावी. ऐकायला हे अति वाटेल. पण त्यामागची कारणं वायर सोलून, मीटर लावून कुणालाही पडताळून पाहता येतात.

मी बोलतोय ते साधारण सत्तर ते नव्वदच्या दशकांतल्या बोटींबद्दल. ग्राउपनर, रॉबे अशा जर्मन कंपन्यांच्या किटवरून बांधलेले टग, लाइफबोटी, गस्ती नौका. किंवा घरी लाकडात नाहीतर फायबरमध्ये करून आत जपानी रेडिओ बसवलेली मॉडेलं. आपल्याकडे त्या परदेशातल्या नातेवाइकांकडून येतात, मर्चंट नेव्हीतल्या कुणी आणलेल्या असतात, किंवा एनसीसीच्या नौदल शाखेत शिप मॉडेलिंग शिकलेल्यांनी हौसेनं केलेल्या असतात. आतली मांडणी थोड्याफार फरकानं तीच: ६ व्होल्टची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी किंवा ७.२ व्होल्टचा सहा सेलचा निकेल-कॅडमियम पॅक, ब्रशची मोटर, वेग कमीजास्त करायला सर्व्होनं फिरणारी पट्टी आणि तिच्याखाली गरम होणारा रोधक, पांढऱ्या नायलॉनचा दोन पिनांचा प्लग, आणि वेगळ्या छोट्या बॅटरीवर चालणारा रिसीव्हर.

तपासणीची सुरुवात बॅटरीच्या ऋण टोकाच्या वायरीपासून करावी. तिचं आवरण टोकापासून इंचभर सोला. चांगल्या वायरीत आतले तांब्याचे धागे चकचकीत, गुलाबीसर दिसतात. निकेल-कॅडमियम पॅक वर्षानुवर्षं जोडून ठेवलेला असेल, तर तिथे मळकट काळे, कोरडे धागे दिसतात. बोटानं वाकवले की त्यातले काही तुटून हातात येतात. सोल्डर लावू पाहिलं तर ते तांब्यात भिनत नाही, गोळी होऊन बाजूला घरंगळतं. आणखी एक इंच सोला. पुष्कळदा तिथेही तेच असतं. बाहेरून मात्र वायर मऊ, अखंड, अगदी नव्यासारखी दिसते. या सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा क्षारीय द्रव असतो. सेल जुना झाला, फार उतरला किंवा जास्त चार्ज झाला, की सीलमधून तो सूक्ष्म प्रमाणात बाहेर येतो. ऋण बाजूच्या धातूवर हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया होऊन क्षार तयार होत राहतो, आणि तो ओलसर थर धातूच्या पृष्ठभागावरून पुढे सरकत जातो. वायरीत शिरला की आवरणाखालून धाग्याधाग्यांच्या फटीतून तो आत चालत राहतो. म्हणून काळी पडते ती बहुधा ऋण वायर, आणि धन वायर शेजारीच असून कधी कधी पूर्ण स्वच्छ निघते. बोट चालवण्याचा याच्याशी फारसा संबंध नाही. न वापरता, पण बॅटरी जोडून ठेवलेल्या बोटीत हे हमखास होतं, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तर अधिकच.

यावर एक उपाय सांगितला जातो: पांढरं व्हिनेगर लावून क्षार मारायचा, धागे घासून लख्ख करायचे आणि मग सोल्डर करायचं. बॅटरीच्या पेटीतल्या पितळी पट्ट्या, स्प्रिंगा, पिना यांच्यापुरता हा उपाय बरोबर आहे. तिथे पृष्ठभाग उघडा असतो, ब्रश पोचतो, नंतर स्वच्छ पाण्यानं धुऊन वाळवता येतं. वायरीच्या आत ब्रश पोचत नाही. सोललेला अर्धा इंच तुम्ही साफ करता आणि त्याच्यामागे आवरणाखाली सहा इंच तसेच राहतात. शिवाय लावलेला ओलावा त्याच फटींतून आणखी आत ओढला जातो. काळा पडलेला धागा म्हणजे तांब्याचा काही भाग ऑक्साइड होऊन गेलेला असतो, आणि गेलेलं तांबं साफसफाईनं परत येत नाही. काळी वायर दिसली की ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काढून टाकावी. मधेच कापून जोड देण्यातही अर्थ नाही, कारण चांगला भाग कुठे सुरू होतो ते आवरणावरून कळत नाही.

लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या बोटीत ही विशिष्ट कीड कमी आढळते, पण तिथे पाणी आपलं काम करतं. स्टर्न ट्यूबमधलं ग्रीस सुकलं की शाफ्टवरून थेंब थेंब पाणी आत येतं आणि बोटीच्या तळाशी साठतं. तळाशी लोळणाऱ्या वायरीचं उघडं टोक त्या पाण्यात असलं, की बारीक धाग्यांच्या फटी ते पाणी वर चढवतात. मोटरच्या टोकांवर हिरवा कळंक धरतो तो यातूनच. खाडीच्या खाऱ्या पाण्यात बोट चालवलेली असेल तर मिठामुळे हे किती तरी लवकर होतं. त्यात जुन्या पीव्हीसी आवरणातला मऊपणा देणारा पदार्थ वर्षानुवर्षं निघून जातो. आवरण कडक होतं, वाकवलं की चिरतं. झाकण उघडताना ज्या वायरी वरचेवर वाकतात, त्यांच्यात ही चीर नेमकी वाकणाऱ्या जागी पडते.

आता सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप: मल्टीमीटर लावला, बीप वाजला, म्हणजे वायर चांगली आहे, मग बदलायची कशाला? बीप फक्त एवढंच सांगतो, की दोन टोकांमध्ये कसली तरी वाट आहे. मीटर तपासताना जेमतेम एखादा मिलिअँपिअर प्रवाह सोडतो, आणि बरेच मीटर वीस-तीस ओहम रोध असला तरी बीप देतात. वायरीतले पंचवीस धागे तुटून एकच शाबूत असला तरी तो बीप देईल. साकवावरून माणूस पलीकडे गेला म्हणून त्याच साकवावरून भरलेला ट्रक जाईल असं कुणी म्हणत नाही. बोटीची मोटर चालते तेव्हा त्या वायरीतून दहा हजारपट प्रवाह जायचा असतो. ओहमच्या पट्टीवरही हे समजत नाही, कारण साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध पाव-अर्धा ओहम भरतो, आणि आपल्याला शोधायचा दोष त्याहून लहान असतो.

तो दोष किती लहान असला तरी पुरतो, ते आकड्यांत पाहू. ७.२ व्होल्टच्या बोटीची मोटर १० अँपिअर घेते असं धरा. वाटेत कुठेतरी, समजा पांढऱ्या प्लगमध्ये, ०.१ ओहम रोध तयार झाला आहे. १० अँपिअरला तिथे १ व्होल्ट पडतो. मोटरला ७.२ ऐवजी ६.२ मिळतात. प्रॉपेलरला लागणारी शक्ती साधारण फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे एका व्होल्टची घट पाण्यावर पुष्कळ मोठी दिसते. बोट मरगळल्यासारखी चालते आणि लोक मोटर बदलायला निघतात. तो गेलेला व्होल्ट १० वॉट उष्णता होऊन प्लगमध्येच राहतो. सोल्डरिंगचं साधं आयर्न २५ वॉटचं असतं आणि १८३ अंशांना वितळणारं सोल्डर सहज वितळवतं. नखाएवढ्या नायलॉनच्या प्लगात १० वॉट कोंडले तर काय होईल याचा अंदाज त्यावरून करता येईल. अशा प्लगची एक बाजू पिवळी, मग तपकिरी पडते, नायलॉन किंचित फुगतं आणि आतली पिन तिरकी होते. पिन तिरकी झाली की तिची पकड सैल होते, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. जुन्या बोटीत असा तपकिरी प्लग दिसला तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरीही तापून गेलेल्या असणार, हे धरूनच चाला. याच हिशेबात चांगली वायर बसवून बघा: दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम असतो, म्हणजे जाऊन-येऊन एक मीटर वायरीत १० अँपिअरला फक्त ०.१२ व्होल्ट जातात. निरोगी वायरिंग आणि आजारी वायरिंग यांतला हा फरक बीप कधीच दाखवत नाही.

तो दाखवण्याची रीत सोपी आहे आणि ती प्रत्येकानं शिकावी असा माझा आग्रह आहे. बोट टबात किंवा पाण्याच्या टाकीत दोरीनं घट्ट बांधा, प्रॉपेलर पाण्यात फिरू द्या. मीटर कमी डीसी व्होल्टच्या पट्टीवर ठेवा. एक टोक प्लगच्या अलीकडच्या धातूला, दुसरं पलीकडच्या धातूला, आणि मोटर पूर्ण वेगात. मीटरवर जो आकडा येईल तेवढे व्होल्ट तो सांधा खातो आहे. मग हेच स्विचवर करा, फ्यूजवर करा, वायरीच्या दोन टोकांवर करा, वेगनियंत्रकाच्या पट्टीवर करा. सांध्यावर शतांश-दोन शतांश व्होल्ट ठीक; पाच शतांशांच्या वर गेला की मी त्या सांध्याला संशयित मानतो. जुन्या बोटीत हे मोजमाप घेणाऱ्याला सहसा एक दोष सापडत नाही, पाच-सहा सापडतात.

इथे कुणी विचारेल, की एवढं मोजताच येतं तर जो सांधा वाईट निघेल तोच बदलावा. माझ्या मते यातच खरी चूक आहे. सगळे सांधे एकाच मार्गावर एकामागून एक असतात. सर्वांत वाईट सांधा जोपर्यंत आहे तोपर्यंत तो प्रवाह अडवून धरतो आणि बाकीच्या कमजोर सांध्यांना एका अर्थी वाचवतो. तो दुरुस्त केला की मोटरला पुन्हा पूर्ण प्रवाह मिळतो, आणि तो वाढलेला प्रवाह दुसऱ्या क्रमांकाच्या कमजोर सांध्यातून जायला लागतो. एक वायर जोडल्यावर बोट पहिल्यांदा झकास पळते आणि थोड्याच वेळात तळ्याच्या मध्यावर बंद पडते, याचं कारण हे. रेडिओच्या गाडीची वायर सुटली तर गाडी रस्त्यावर उभी राहते आणि चालत जाऊन उचलता येते. बोट किनाऱ्यापासून पन्नास फुटांवर थांबते. तिच्यामागे पाण्यात उतरणारा माणूस, बहुधा एखादा मुलगा, हा या छंदातला खरा धोका आहे. गाळाच्या तळ्यात, शेवाळात, खोलीचा अंदाज नसलेल्या खाणीच्या पाण्यात कुणीही बोटीसाठी उतरू नये. आणि तशी वेळच येऊ नये याची सोय वायरिंगमध्ये करता येते.

फ्यूजबद्दल आक्षेप वेगळा असतो: मूळ बोटीत फ्यूज नव्हता, ती इतकी वर्षं चालली, आता कशाला? मूळ बोटीत आवरणं नवी होती, हे एक. दुसरं म्हणजे बॅटरी बदललेली असते. जुना पॅक मेलेला असतो, त्याच्या जागी आज हाती येतो तो बहुधा लिथियम-पॉलिमर. दोन सेलच्या अशा पॅकवर ७.४ व्होल्ट लिहिलेले असतात, पूर्ण चार्ज असताना तो ८.४ देतो, आणि त्याचा अंतर्गत रोध जुन्या पॅकपेक्षा बराच कमी असल्यानं शॉर्ट झाला तर शंभराहून जास्त अँपिअर सहज सोडतो. लेड-अ‍ॅसिड किंवा निकेल-कॅडमियमही शॉर्टमध्ये वायर लाल करू शकत होते. लिथियम ते क्षणात करतो आणि स्वतःही पेट घेऊ शकतो. घातक प्रवाह जायला शॉर्टच व्हायला हवा असंही नाही. प्रॉपेलरमध्ये शेवाळ किंवा मासेमारीची तंगूस अडकली की मोटर जागच्या जागी थांबते, आणि ५४० आकाराची मोटर अडकलेल्या स्थितीत ७.२ व्होल्टला पन्नास अँपिअरच्या पुढे जाते. झाकणबंद बोटीत, लाकडी डेकखाली, चिरलेल्या पीव्हीसीतून हा प्रवाह जाणं म्हणजे आगीला बोलावणं आहे. गाडीचा पात्याचा फ्यूज कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. बोटीची मोटर टबात पूर्ण वेगात जेवढे अँपिअर घेते त्याच्या वरचा पहिला फ्यूज निवडा, आणि वायर त्या फ्यूजला सहज पेलणारी असू द्या. फ्यूजचं पहिलं काम वायर वाचवणं हे आहे, म्हणून तो मोटरपाशी नको. बॅटरीच्या धन टोकापासून चार बोटांच्या आत हवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी वायरीचा तुकडा किंवा मोठा फ्यूज घालणाऱ्याला कारण शोधायचं नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

बॅटरीविषयी माझी पसंती सांगून टाकतो. जुन्या बोटीला वेगाची हाव नको. निकेल-मेटल हायड्राइडचा सहा सेलचा पॅक त्याच ७.२ व्होल्टचा असतो, जुन्या वेगनियंत्रकाला चालतो आणि चुका सोसतो. ६ व्होल्टच्या बोटीला लिथियम आयर्न फॉस्फेटचे दोन सेल, म्हणजे ६.४ व्होल्ट, छान जुळतात. लिथियम-पॉलिमर वापरायचाच असेल तर सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू न देणारा नियंत्रक किंवा निदान इशारा देणारा बझर सक्तीचा समजा, कारण जुन्या नियंत्रकाला ती बुद्धी नसते. चार्जरही त्या त्या बॅटरीचाच हवा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी बोटीत ठेवूनच चार्ज करत असाल तर डेकचं झाकण उघडं ठेवा. चार्ज होताना हायड्रोजन निघू शकतो आणि ब्रशच्या मोटरला ठिणगी पडते. काढलेला निकेल-कॅडमियम पॅक घंटागाडीत टाकू नका. कॅडमियम विषारी आहे. तो ई-कचरा किंवा बॅटरी घेणाऱ्या केंद्रातच द्यावा.

रिसीव्हरची बाजू थोडक्यात. तीन वायरींच्या प्लगमध्ये मधली पिन धन असण्याची पद्धत चांगली आहे, कारण प्लग उलटा लागला तरी बहुधा काही जळत नाही. फुटाबाच्या वायरी पांढरी-लाल-काळी, जेआरच्या नारिंगी-लाल-तपकिरी, आणि दोन्हींत लाल मध्ये. पण काही जुन्या सान्वा रेडिओंमध्ये मधली पिन ऋण होती, त्यामुळे जुना सर्व्हो नव्या रिसीव्हरला लावण्याआधी रंगावर विश्वास न ठेवता पिना तपासा. जुना सरकता स्विच हा या बाजूचा सर्वांत कमजोर दुवा. त्याचे आतले संपर्क काळे पडलेले असतात. तो दुरुस्त करत बसू नये, नवा घालावा. नव्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकात रिसीव्हरला ५ व्होल्ट पुरवायची सोय बहुधा असतेच. तशी असेल आणि तुम्ही वेगळी रिसीव्हर बॅटरीही ठेवणार असाल, किंवा दोन मोटरींना दोन नियंत्रक असतील, तर एकच पुरवठा राहील अशा बेतानं बाकीच्या प्लगमधली लाल वायर काढून तिचं टोक झाकून टाका.

मोटरवरचे छोटे सिरॅमिक कपॅसिटर जुन्या वायरिंगबरोबर फेकले जातात, तसं करू नका; तुटले असतील तर नवे लावा. त्यांच्यावर १०४ छापलेलं असतं, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. एक दोन टोकांच्या मध्ये, आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्याला एकेक. ब्रशवर पडणारी ठिणगी स्वतःच रेडिओलहरी सोडते. १८९८ साली निकोला टेस्लानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी बोट चालवून दाखवली, त्या काळातलं बिनतारी प्रेषण ठिणग्यांवरच चालत असे. तोच प्रकार मोटरमध्ये नको असताना होतो. २७ मेगाहर्ट्झच्या रेडिओवर त्यानं सुकाणू थरथरतं. आता २.४ गिगाहर्ट्झ आल्यावर याची गरज नाही असं म्हणतात. नव्या रेडिओला हा त्रास कमी होतो हे खरं, पण नियंत्रक आणि रिसीव्हर त्याच वायरींवर असतात, आणि तिथला गोंधळ कमी करायला हे तीन कपॅसिटर पुरतात. शिवाय नव्या रिसीव्हरला व्होल्टेज क्षणभर पडलेलंही चालत नाही. तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तेवढा वेळ बोट कुणाच्याच ताब्यात नसते. दोष रेडिओला दिला जातो, असतो मात्र वायरिंगमध्ये. ध्रुवता असलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पुढेमागे फिरणाऱ्या मोटरच्या टोकांवर लावू नयेत, ते फुटतात.

एका आक्षेपाचा मात्र मी मनापासून आदर करतो. वडिलांनी किंवा आजोबांनी बांधलेली बोट असते. त्यांच्या हातचा प्रत्येक सांधा जपावासा वाटतो. तो जपावाच, पण पाण्याबाहेर. बोट काचेच्या कपाटात ठेवायची असेल तर बॅटरी तेवढी काढा आणि बाकी कशालाही हात लावू नका. पाण्यात सोडायची असेल तर जुनं वायरिंग अखंड, कापाकापी न करता बाहेर काढा. काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, कोणती वायर कुठून कुठे जाते याचा कागदावर नकाशा काढा, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा, आणि सगळं एका पिशवीत भरून बोटीबरोबर ठेवा. नवं वायरिंग जुन्याच छिद्रांतून, जुन्याच मार्गानं नेता येतं. आजोबांचा स्विच डेकवर तसाच राहू द्या. त्याच्यातून मोटरचा प्रवाह न नेता फक्त नव्या नियंत्रकाची चालू-बंद वायर नेली, तर तो दिसेलही आणि त्याच्यावर भारही येणार नाही. अशी बोट पुढची पन्नास वर्षं चालू शकते. त्यांच्या हातचं वायरिंग जळून त्यांच्या हातची बोट गेली, तर मात्र काहीच उरत नाही.

खर्चाचा प्रश्न त्या मानानं किरकोळ आहे. लागतं काय, तर दोन-तीन मीटर सिलिकॉन आवरणाची वायर, एक-दोन प्लग, फ्यूजचा होल्डर, हीट श्रिंक नळी, सोल्डर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. १४ गेजची सिलिकॉन वायर सुमारे २ चौरस मिलिमीटरची असते, तिच्यात केसासारखे बारीक शेकडो धागे असतात, त्यामुळे ती मऊ राहते आणि तापलेल्या आयर्ननंही आवरण वितळत नाही. घराच्या भिंतीतली जाड धाग्यांची वायर बोटीत वापरू नका. मोटरच्या थरथरीनं ती टोकाशी मोडते. पांढऱ्या नायलॉनच्या प्लगऐवजी एक्सटी-६० घाला, तो ६० अँपिअरचा आहे आणि उलटा लागतच नाही. सोल्डर राळेचं फ्लक्स असलेलं घ्या. कल्हईला नवसागर लागतो, पत्र्याच्या डब्याला तेजाब लावतात. वायरीला यांपैकी काहीही लावू नये, कारण ते सांध्यात राहून आतून तांबं खात राहतं. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला आधी सोल्डर लावू नका, सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू सैल पडतो. तिथे दाबून बसवायचा लग वापरा. सांध्यावर टेप नको. वैशाखात तिचा चिकटा ओघळतो आणि टेप उलगडते. हीट श्रिंक नळी मात्र सोल्डर करण्याआधीच वायरीत ओवून ठेवा. वायरी तळापासून वर, बोटीच्या बाजूंना धरून न्या, रिसीव्हर सर्वांत उंच जागी ठेवा, आणि बाहेरून आत येणारी प्रत्येक वायर आधी थोडी खाली वळवून मग उपकरणाकडे न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी वळणाशीच टपकेल. २.४ गिगाहर्ट्झचा अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर हवा, कारण पाण्याखालून ती लहर जात नाही.

काम झाल्यावर पहिल्यांदा बॅटरी जोडताना फ्यूजच्या जागी गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावा. वेगनियंत्रक मध्यावर असताना बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक. उजळत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बनं प्रवाह अडवल्यामुळे काही जळलेलं नाही. ते शोधून काढल्यावरच फ्यूज घाला. मग टबात बांधून प्रत्येक सांध्यावरचे व्होल्ट पुन्हा मोजा आणि आकडे लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तुलनेला उपयोगी पडतात. दहा मिनिटं चालवून प्लग, फ्यूज आणि वायरी हातानं चाचपा. काहीही हाताला चटका देत असेल तर ते पुन्हा करा. चालू करताना आधी हातातला रेडिओ आणि मग बोट, बंद करताना आधी बोट आणि मग रेडिओ, हा क्रम मुलांना सुरुवातीलाच शिकवा. तळ्यावरून परत आल्यावर झाकण उघडं ठेवून आतली ओल पूर्ण वाळू द्या. खाऱ्या पाण्यात चालवली असेल तर बाहेरून आणि शाफ्टच्या टोकाशी गोड्या पाण्यानं धुवा.

आणि या सगळ्याला आज वेळ नसेल, बोट पुढच्या सुट्टीत दुरुस्त करायची असेल, तरी एक काम पुढे ढकलू नका. बोटीत बॅटरी असेल तर ती आजच काढून वेगळी ठेवा.